पाळकीय सेवेकडे जाताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ख्रिस्तात सप्रेम सलाम. माझे वय ४४, राहणार कुर्ला, रेल्वेच्या कार्यालयात नोकरी. जन्मापासून मंडळीत आहे. बालपणी बाप्तिस्मा, रविवारची शाळा, मग दृढीकरण, गायनमंडळ, तरुण संघ आणि आता पास्टोरेट कमिटीत (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत) खजिनदार. पाळकीय सेवेची ओढ काही केल्या मनातून जात नाही. पण साक्ष द्यायला, म्हणजे देवाने माझ्या आयुष्यात काय केले ते सभेत सांगायला, उभा राहिलो की सांगण्यासारखे काही सापडत नाही. दारू सुटली म्हणावे तर कधी घेतलीच नाही. स्वप्न नाही, दर्शन नाही. याला पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाची हाक, म्हणावे का? आणि म्हणायचे तर या वयात सुरुवात कुठून करावी?

आधी साक्षीचे पाहू, कारण ही खंत मंडळीत वाढलेल्या पुष्कळ जणांना असते आणि ती विनाकारण असते. आपल्या सभांमध्ये ज्याचे आयुष्य एका रात्रीत पालटले त्याला जास्त वेळ मिळतो. मग ज्याला आजीने मांडीवर बसवून स्तोत्रे शिकवली त्याला आपला विश्वास कमी प्रतीचा वाटू लागतो. तीमथ्याकडे पाहा. त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, शास्त्र त्याला बालपणापासून ठाऊक होते (२ तीमथ्य १:५ आणि ३:१५). त्याला कुठे आकाशवाणी झाल्याची नोंद नाही. पौलाने त्याला सोबत घेतले तेव्हा नोंद आहे ती एवढीच, की लुस्त्र आणि इकुन्य येथले बंधू त्याच्याविषयी चांगले बोलत होते (प्रेषित १६:२). पुढे इफिससारख्या मोठ्या शहरातली मंडळी पौलाने ज्याच्यावर सोपवली तो हाच तीमथ्य. तेव्हा तुमच्याविषयी मंडळी काय सांगते, ते ऐका. तुमची साक्ष तिथे आहे.

ज्यांच्या साक्षीत मोठे वळण होते त्यांनाही लगेच झगा मिळाला नाही. नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ चा आणि पाळकीय दीक्षा १८५४ ची. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, दीक्षा १९०४ मध्ये. दोघेही विद्वान, दोघांनीही विश्वासासाठी घरचे तोडून घेतलेले. तरी अकरा आणि नऊ वर्षे गेली. नवशिक्याला अध्यक्ष करू नये ही १ तीमथ्य ३:६ मधली अट मंडळीने तेव्हा मनापासून पाळली. आज ती अनेक ठिकाणी ढिली झाली आहे आणि त्याचे परिणाम मंडळ्या भोगत आहेत.

आता पाचारणाची पारख. बाल शमुवेलाला हाक ऐकू आली, पण ती कोणाची हे त्याला उमगले नाही. तिसऱ्यांदा उठून आल्यावर वृद्ध एलीच्या ते ध्यानात आले. अंत्युखियात बर्णबा आणि शौल यांना वेगळे करा ही आज्ञा झाली ती उपासना आणि उपास करणाऱ्या मंडळीला. म्हणून तुमच्या पाळकसाहेबांकडे जा, मनातले सांगा आणि वर्षभराचे काम मागून घ्या. त्या कामात पुढच्या गोष्टी असाव्यात: लेंटमधल्या (ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या) घरोघरीच्या प्रार्थना सभांपैकी एका विभागाची जबाबदारी, गुड फ्रायडेला येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी एकावर बोलणे, महिन्यातून किमान दोन आजारी-भेटी, रविवारच्या शाळेतला आठ-दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग, आणि एखाद्या अंत्यविधीला पाळकसाहेबांबरोबर पहिल्या फोनपासून शिवडीच्या दफनभूमीतून परत येईपर्यंत थांबणे. वही ठेवा. तारीख, कोणाला भेटलात, काय वाचलेत, काय जमले नाही. वर्षाच्या शेवटी ती वही पाळकसाहेबांसमोर उघडून बसा.

इथे नेहमी बिघडते ते असे: उमेदवार व्यासपीठ मागतो, बाकीचे टाळतो. माईकवर तासभर प्रार्थना करणारा माणूस लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे वर्षात एकदाही गेलेला नसतो. पाळकाच्या आठवड्यातला व्यासपीठावरचा वेळ फार तर दोन-तीन तासांचा. उरलेले सगळे त्या जिन्यावरचे काम आहे. ते करताना जीव रमत असेल तर पुढे चला.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियातला मार्ग साधारण असा: पाळकाची शिफारस, पास्टोरेट कमिटीचा ठराव, डायोसिसच्या (बिशपांच्या धर्मप्रांताच्या) समितीपुढे मुलाखत, बिशपांची संमती, सेमिनरीतले (पाळकांच्या विद्यालयातले) शिक्षण, परत आल्यावर अनुभवी पाळकाच्या हाताखाली परिवीक्षेचा काळ, मग डीकनची (पहिल्या पायरीच्या सेवकाची) दीक्षा आणि त्यानंतर प्रेसबिटरची (पूर्ण पाळकाची). मेथॉडिस्ट मंडळीत सुरुवात लोकल प्रीचरच्या परवान्याने होते आणि निर्णय कॉन्फरन्समध्ये (मंडळ्यांच्या वार्षिक सभेत) होतो. वयाची अट जागोजागी वेगळी असते, म्हणून पैसे आणि रजा यांचा विचार करण्याआधी डायोसिसच्या कार्यालयात ती विचारून घ्या. वयामुळे पूर्णवेळ दार बंद असले तरी काही ठिकाणी मानद सेवेची सोय असते. तुम्ही नोकरीत आहात, तेव्हा बंगालमधल्या सेरामपूरचा धर्मशास्त्राचा बाह्य अभ्यासक्रम किंवा बंगळुरूच्या टाफ्टी संस्थेचा घरी अभ्यास आणि गटात चर्चा असा अभ्यासक्रम आताच सुरू करता येईल. त्याने दीक्षेचा हक्क मिळत नाही, पण अभ्यासाची बैठक जमते का ते कळते, आणि चाळिशीनंतर तोच खरा प्रश्न असतो.

कागदपत्रांची तयारी निदान सहा महिने आधी करा. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा दाखला, विवाहाचा दाखला, शिक्षणाची प्रमाणपत्रे, वैद्यकीय तपासणी, दोन पानांची लेखी साक्ष. सगळ्यात जास्त अडते बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर. मुंबईतल्या आपल्या अनेक कुटुंबांत बाप्तिस्मा नगर, जालना, सोलापूरकडच्या गावी झालेला असतो आणि वहीत घरचे लाडके नाव लिहिलेले असते. शाळेच्या दाखल्याशी ते जुळत नाही. गावच्या मंडळीकडून वहीतला उतारा जसाच्या तसा सही-शिक्क्यासह घ्या आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा. वहीत खाडाखोड करून द्यायला कोणी तयार झाले तरी घेऊ नका.

तुम्ही खजिनदार आहात म्हणून आणखी एक. ठरावाआधी हिशेब तपासून, लेखी ताबा देऊन पद सोडा. तुमच्या नावाचा ठराव होईल त्या वेळी सभेतून बाहेर जा आणि इतिवृत्तात तशी नोंद करायला सांगा. नंतर कोणी बोट दाखवले तर ती एक ओळ उपयोगी पडते.

पत्नीची संमती मुलाखतीच्या आदल्या रात्री घ्यायची नसते. पगार कमी होतो, बदल्या होतात, पारसनेज (पाळकाला राहायला मंडळीचे घर) मिळते पण ते निवृत्तीच्या दिवशी रिकामे करायचे असते. मुंबईत स्वतःची खोली असेल तर ती विकू नका. घरावर हप्ते चालू असतील तर ते कोण आणि कसे फेडणार हे दोघांनी कागदावर मांडा. हे व्यवहाराचे बोलणे विश्वासाच्या विरुद्ध नाही. पाळक कर्जात असेल तर मंडळीचा पैसा हाताळताना त्याची परीक्षा रोज होते.

मी २२ वर्षांची, बी.कॉम. झाले आहे, राहते मुलुंडला. मला सेमिनरीत जायचे आहे. घरून विरोध आहे: मुलीला कोण पाळक करणार, म्हणतात. कोणते शिक्षण घ्यावे?

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया या दोन्हींमध्ये स्त्रियांना दीक्षा मिळते, तेव्हा घरच्यांचा पहिला मुद्दा तिथेच मिटतो. सगळ्या मंडळ्यांत मात्र तसे नाही. स्वतंत्र मंडळीत असाल तर तिची भूमिका आधी लेखी विचारा. चार वर्षे शिकून परत आल्यावर फक्त मुलांचा वर्ग हाती मिळाला अशा मुली आहेत. चर्चचा नियम असला तरी एखाद्या मंडळीत "बाईंच्या हातचे प्रभुभोजन नको" म्हणणारी दोन घरे निघतातच. त्यासाठी मन तयार असू द्या.

पदवीनंतर बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी) हा मार्ग, साधारण चार वर्षांचा. ही पदवी सेरामपूरच्या सिनेटची (पदवी देणाऱ्या मंडळाची) असते. सेरामपूर कॉलेज १८१८ चे, पदव्या देण्याची सनद १८२७ ची. सिनेटशी जोडलेल्या संस्था देशभर आहेत. आपल्याला जवळची म्हणजे पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आली. प्रवेशाआधी दोनच प्रश्न विचारा: पदवी कोण देणार, आणि ती तुमच्या डायोसिसला चालते का. मुंबईत काही महिन्यांत पदवी आणि पाठोपाठ मानद डॉक्टरेट देणाऱ्या संस्थांची पत्रके फिरतात. त्यांच्याकडे वळू नका.

एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. बी.डी.चा अभ्यास बहुतेक इंग्रजीत चालतो. आपली मुले तिथून चांगली शिकून येतात, पण मराठी मंडळीपुढे उभी राहिली की त्यांचा उपदेश भाषांतरासारखा ऐकू येतो आणि मागच्या बाकांवरची म्हातारी माणसे हरवतात. त्या चार वर्षांत रोज मराठी पवित्र शास्त्राचा एक अध्याय मोठ्याने वाचा. दर आठवड्याला वर्गात शिकलेला एक मुद्दा एका पानात मराठीत लिहून आईला पाठवा. तिला कळला तर तुम्हाला कळला आहे. विरोध करणाऱ्या आईशी संवाद टिकवण्याचाही तो चांगला मार्ग आहे. शिवाय जाण्यापूर्वी वर्षभर नोकरी करा. कार्यालयात दिवस काढलेल्या पाळकाला नोकरदार मंडळीचा थकवा समजतो.

तरुणांच्या रविवारी संदेश द्यायला सांगितले आहे, वीस मिनिटे. शास्त्रभाग लूक १०:२५ ते ३७, चांगला शोमरोनी: लुटारूंनी अर्धमेल्या केलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) टाळून जातात, परका शोमरोनी मदत करतो. तयारी कशी करावी? – परळ

वीस मिनिटे म्हणजे मराठीत रमतगमत बोललात तर सुमारे सव्वादोन हजार शब्द, हाताने लिहिलेली आठ-नऊ पाने. पूर्ण लिहून काढा. पहिल्या काही संदेशांत मुद्द्यांची चिठ्ठी घेऊन उभे राहणारा हमखास भरकटतो.

सोमवारी आणि मंगळवारी काही लिहू नका, फक्त वाचा. रोज पाच वेळा, त्यातले दोनदा मोठ्याने, एकदा दुसऱ्या भाषांतरातून. प्रत्येक वाचनात एकच प्रश्न धरा: कोण बोलतो, कोणाशी, आधी काय झाले, हातात कोणाच्या काय आहे. या भागात हातातल्या वस्तू मोजल्यात तर मोठी मदत होईल. याजक आणि लेवी यांच्या हातात काय होते ते सांगितलेले नाही. शोमरोन्याचे सगळे सांगितले आहे: तेल, द्राक्षारस, जखमा बांधणे, स्वतःचे जनावर, उतारशाळा, रात्रभरची शुश्रूषा, दुसऱ्या दिवशी दोन दिनार, आणि वर जास्त खर्च झाला तर परत येताना देईन हे वचन. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज. मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्याचा धनी तोच ठरवतो. म्हणजे दोन दिवसांची मजुरी रोख आणि पुढचे उघडे खाते. अनोळखी माणसासाठी.

बुधवारी या वाचनातून एक वाक्य काढा. उदाहरणार्थ: शेजारी होणे म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्याचा खर्च आपल्या खात्यावर घेणे. ते वाक्य न अडखळता दोनदा म्हणता आले नाही तर ते अजून तयार नाही. गुरुवारी लिहा, शुक्रवारी एक तृतीयांश कापा, शनिवारी घड्याळ लावून मोठ्याने म्हणा. कापलेल्या जागी काही भरायचा मोह टाळा, कारण प्रत्यक्ष व्यासपीठावर वेळ वाढतोच.

या भागावर चुकते कुठे? सर्वांत जास्त याजक आणि लेवीवर. पंधरा मिनिटे त्या दोघांना झोडपण्यात जातात, ऐकणारे मनातल्या मनात मंडळीतल्या कोणाला तरी त्या जागी बसवतात आणि समाधानाने घरी जातात. त्या दोघांना दोन मिनिटे पुरेत. दुसरी चूक एका वचनावरून दुसऱ्यावर उड्या मारण्याची. बोटे पवित्र शास्त्राची पाने उलटत राहतात, आणि लूक १० वाचला होता हे शेवटी कोणालाच आठवत नाही. बाहेरचे संदर्भ दोन ठेवा, जास्त नको. तिसरी म्हणजे शेवट सापडत नाही म्हणून "अजून एकच गोष्ट" म्हणत राहणे. शेवटची चार वाक्ये पाठ करा आणि ती म्हणून झाली की प्रार्थना करा.

उदाहरण द्यायचे तर मंडळीला ओळखू येणाऱ्या माणसाचे देऊ नका, नाव न घेताही नको. परळच्या मंडळीत कोण कोणाच्या उपचाराचे बिल भरतो ते सगळ्यांना ठाऊक असते. त्या माणसाला त्या दिवशी बाकावर बसवत नाही.

आजारी-भेटीला रुग्णालयात गेल्यावर काय करावे तेच सुचत नाही. मी कमिटीचा सभासद आहे, पाळक नाही. – शीव

भेटीची वेळ विचारून जा, हात धुवा, खाटेवर बसू नका. स्टूल असेल तर बसा, उभे राहून बोललात तर रुग्णाला मान वर करावी लागते. दहा मिनिटे पुरतात. "काय झाले, डॉक्टर काय म्हणतात" हे त्याने आधीच वीस जणांना सांगितलेले असते, "रात्र कशी गेली?" एवढेच विचारा आणि थांबा. प्रार्थना करू का हे विचारल्याशिवाय सुरू करू नका. चार-पाच ओव्या पुरतील इतकेच स्तोत्र वाचा, आवाज त्या खाटेपुरता ठेवा. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचा माणूस त्याच वेदनेत पडलेला असतो. त्याच्याकडे पाहून मान हलवायला विसरू नका.

बरे होण्याचे वचन तुम्ही देऊ नका. ते तुमच्या हातात नाही. औषध थांबवा असे तर कधीच नाही. याकोब ५:१४ मध्ये तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे, वैद्याला घालवायला सांगितलेले नाही. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन येणार असतील तर आधी सिस्टरना विचारून ठेवा. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवलेल्या किंवा गिळायला त्रास असलेल्या रुग्णाला भाकरीचा तुकडाही धोक्याचा असतो. अशा वेळी प्रार्थना आणि आशीर्वाद पुरेसा आहे, आणि हे घरच्यांना समजावून सांगणे तुमचे काम.

बाहेर पडताना पाच मिनिटे कॉरिडॉरमध्ये बसलेल्या नातेवाइकाला द्या. रात्रीचा डबा कोण आणते आणि रात्री कोण थांबते, हे विचारा. मंडळीला करण्यासारखे काम बहुधा तिथे सापडते.

मी कॅथलिक, विवाहित, वय ४१, बोरिवली. याजक होता येणार नाही हे ठाऊक आहे. दुसरा मार्ग आहे का?

आहे. कायम डीकन, म्हणजे पुढे याजक न होता डीकन म्हणूनच सेवा करणारा. विवाहित पुरुषाला वयाची ३५ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि पत्नीची संमती लागते, हा चर्चच्या कायद्यातलाच नियम आहे. मुंबईच्या महाधर्मप्रांतात असे डीकन सेवेत आहेत. बाप्तिस्मा देणे, विवाहाला साक्षी राहणे, उपदेश, अंत्यविधी हे ते करू शकतात. मिस्सा अर्पण करणे आणि पापनिवेदन ऐकणे ही याजकाची कामे. तुमच्या धर्मग्रामाच्या फादरांशी बोला, आणि पत्नीला पहिल्याच भेटीला सोबत न्या.

मालाडच्या मालवणीत आमची छोटी स्वतंत्र संगती (मंडळी) आहे, भाड्याच्या खोलीत. मी तिची देखरेख करतो, बायबल कॉलेज केले आहे, ज्येष्ठ सेवकांनी हस्तार्पण केले आहे (डोक्यावर हात ठेवून सेवेसाठी नेमले आहे). आमच्यातल्या एका जोडप्याचे लग्न मी लावू शकतो का?

तुमच्याकडे सरकारी परवाना नसेल तर नाही. हे स्पष्टच सांगितले पाहिजे, कारण यात चांगली माणसे अडकतात. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने होतो. बिशपांकडून दीक्षा मिळालेला पाळक आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे लग्न लावू शकतो. बिशप-परंपरा नसलेल्या मंडळ्यांतल्या सेवकाला राज्य सरकारचा परवाना लागतो. तुमच्यावर झालेले हस्तार्पण मंडळीच्या दृष्टीने खरे आहे, पण कायद्याला तेवढे पुरत नाही. अधिकार नसताना लग्न लावले तर कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्या जोडप्याला पासपोर्ट, व्हिसा किंवा वारसाहक्काच्या वेळी कळते की आपल्या हातातला दाखला चालत नाही.

परवाना मिळेपर्यंत उपाय सोपा आहे. जोडप्याने परवानाधारक पाळकाकडून किंवा विवाह निबंधकासमोर लग्न करावे, आणि नंतर तुमच्या संगतीत उपकारस्तुतीची उपासना व्हावी. तिथे तुम्ही शास्त्रपाठ, उपदेश, आशीर्वाद सगळे द्या. फक्त शपथा आणि रजिस्टर नको, आणि पत्रिकेवर "विवाहविधी" असे छापू नका.

परवान्यासाठी अर्ज केलात आणि तो मिळाला, तर पहिल्या लग्नाआधी हे पाठ करा. वराचे वय २१ पूर्ण, वधूचे १८ पूर्ण, पुरावा स्वतः पाहायचा. लेखी नोटीस घ्यायची: नाव, व्यवसाय, पत्ता, तिथे किती काळ राहतात. नोटिशीचे प्रमाणपत्र दिल्यापासून दोन महिन्यांत लग्न झाले नाही तर पुन्हा नोटीस. विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच. तुमच्याखेरीज किमान दोन साक्षीदार. मुंबईत वरात वाहतुकीत अडकते आणि साडेसहाची वेळ सातच्या पुढे जाते, म्हणून पत्रिकेवर चारची वेळ घाला. रजिस्टरमधल्या सह्या विधी संपताच, हॉलकडे निघण्याआधी, त्याच टेबलावर घ्या. जेवणानंतर साक्षीदार सापडत नाहीत.